नोंदणीचें पत्र कोठें गेलें?

अलीकडे प्रवेशपरीक्षेचा अर्ज असो, शिष्यवृत्तीची मागणी असो अथवा एखाद्या वाचनालयाचें सभासदत्व असो, बहुतेक कामांचा आरंभ संकेतस्थळावरील नोंदणीनें होतो. अर्जदारानें नांव, जन्मतारीख व ई-मेलचा पत्ता भरून बटण दाबलें, कीं ‘आपल्या पत्त्यावर एक पत्र धाडलें आहे, त्यांतील लिंक दाबून नोंदणी पक्की करावी’ असें वाक्य पडद्यावर उमटतें. पुष्कळदां तें पत्र लागलीच येतें. कधीं कधीं मात्र तासभर वाट पाहूनहि येत नाहीं. मुलगा म्हणतो, संकेतस्थळ बिघडलें. वडील म्हणतात, तूंच कांहीं तरी चुकीचें भरलें असशील. आणि या वादांत अर्जाची मुदत निघून जाते. वस्तुतः अशा पुष्कळ प्रसंगीं पत्र निघालेलें असतें, पोहोंचलेलेंहि असतें. परंतु दारावरील पहारेकऱ्यानें संशय घेऊन तें ‘स्पॅम’ नांवाच्या आडबाजूच्या पेटींत टाकलेलें असतें. असें कां होतें, पाठविणारानें काय केलें असतां तें टळतें, आणि घेणारानें कोणती खबरदारी बाळगावी, या तीन गोष्टींचा विचार आम्ही या लेखांत करणार आहों.

पत्रपेटीवर पहारेकरी नेमण्याची पाळी कां आली, हें प्रथम पाहूं. अमेरिकेंतील ‘आर्पानेट’ नांवाच्या जाळ्यावर एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्राकडे पत्र धाडण्याचा प्रयोग रे टॉमलिन्सन यांनीं १९७१ सालीं केला. मनुष्याचें नांव व यंत्राचें नांव यांच्यामध्यें आपण आज जें ‘अ‍ॅट’चें चिन्ह घालतों, तें त्यांनींच निवडलेलें. पुढें १९८२ सालीं जॉन पोस्टेल यांनीं या टपालाचे नियम लिहून प्रसिद्ध केले, व त्याच पायावर आजचा ई-मेलचा व्यवहार उभा आहे. त्या काळीं जाळ्यावरील लोक थोडे. त्यांत संशोधकांचाच भरणा अधिक. त्यामुळें पाठविणारानें आपलें जें नांव सांगितलें तें खरेंच असेल, असें धरून चालण्याची रीत पडली. कागदी पाकिटाच्या मागें कोणी कोणाचेंहि नांव लिहिलें, तरी टपालवाला त्याचा पुरावा मागत नाहीं. तसाच हा प्रकार होता.

या भोळेपणाचा फायदा घेणारेहि निघालेच. १९७८ च्या मे महिन्यांत, म्हणजे वरील नियम प्रसिद्ध होण्यापूर्वींच, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीच्या गॅरी थर्क यांनीं आपल्या संगणकांची जाहिरात सुमारें ४०० लोकांस, त्यांनीं मागितली नसतां, एकदम धाडली. १९९४ च्या एप्रिल महिन्यांत दोघां अमेरिकन वकिलांनीं आपली जाहिरात हजारों चर्चामंडळांत एकाच वेळीं टाकली. अशा न मागितलेल्या मजकुरास लोक ‘स्पॅम’ म्हणूं लागले. हें मूळचें एका डबाबंद मांसाचें नांव. तें १९३७ पासून बाजारांत आहे. १९७० सालच्या एका इंग्रजी विनोदी नाट्यप्रवेशांत खाणावळींतील जवळजवळ प्रत्येक पदार्थांत हेंच मांस असतें, आणि त्या शब्दाचा असा गजर चालतो, कीं इतर बोलणेंच ऐकूं येत नाहीं. नको असलेल्या पत्रांच्या गर्दींत कामाचें पत्र बुडून जातें, म्हणून तें नांव त्यांस चिकटलें.

हा लोंढा अडविण्यासाठीं पत्रपेट्या चालविणाऱ्या कंपन्यांनीं चाळण्या बसविल्या. आरंभीं कांहीं ठराविक शब्द आढळले, कीं पत्र बाजूस टाकीत. परंतु फसविणारे लोक शब्दांचीं रूपें बदलीत, आणि प्रामाणिक पत्रें मात्र सांपडत. २००२ सालीं पॉल ग्रॅहॅम यांनीं एका लेखांत निराळी रीत मांडली व ती लोकप्रिय झाली. त्या रीतीचें मूळ थॉमस बेझ या इंग्लंडांतील धर्मोपदेशकाच्या गणितांत आहे. बेझ १७६१ सालीं वारले, व त्यांचा संभवाविषयींचा निबंध त्यांच्या पश्चात् १७६३ सालीं प्रसिद्ध झाला. रीत समजण्यास कठीण नाहीं. चांगल्या पत्रांचा एक ढीग व वाईट पत्रांचा दुसरा ढीग घ्यावा; प्रत्येक शब्द कोणत्या ढिगांत किती वेळां येतो तें मोजावें; आणि नवें पत्र आलें म्हणजे त्यांतील सर्व शब्दांची साक्ष एकत्र करून तें कोणत्या ढिगांतलें असण्याचा संभव अधिक, हें ठरवावें. आजच्या चाळण्या याहून पुष्कळ गुंतागुंतीच्या आहेत. तरी अनुभवावरून संभव काढण्याचें तत्त्व त्यांत आहेच.

आतां नोंदणीच्या पत्राची अडचण ध्यानांत येईल. तें पत्र अनोळखी पत्त्यावरून येतें, कारण अर्जदाराचा व त्या संस्थेचा पूर्वीं पत्रव्यवहारच झालेला नसतो. तें मनुष्य लिहीत नाहीं, यंत्र धाडतें. त्यांत मजकूर थोडा व लिंक एक. ‘आपलें खातें पक्कें करा’, ‘येथें दाबा’, ‘२४ तासांच्या आंत’ अशीं वाक्यें त्यांत असतात. लोकांचीं खातीं लुबाडणारा भामटा आपल्या पत्रांत नेमकें हेंच लिहितो! दोन्ही पत्रांचा पेहराव एक. मग पहारेकऱ्यानें ओळखावें कसें? ‘सुक्याबरोबर ओलेंहि जळतें’ अशी म्हण आपल्याकडे आहे. तिचा प्रत्यय येथें येतो. म्हणून नुसत्या शब्दांवर विसंबून न राहतां, पत्र आणणारा कोण, त्याच्यापाशीं ओळखपत्र आहे कीं नाहीं, आणि आजवरचें त्याचें वर्तन कसें आहे, हें पाहण्याकडे कल वाढला.

यासाठीं तीन व्यवस्था झाल्या. एक उदाहरण घेऊं. समजा, एखाद्या शाळेनें माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यासाठीं आपल्या संकेतस्थळावर नोंदणीचें पान उघडलें. शाळेचें संकेतस्थळ ज्या नांवानें चालतें त्यास डोमेन म्हणतात. पहिली व्यवस्था ‘एसपीएफ’ या नांवाची. तिचे नियम २००६ सालीं प्रसिद्ध झाले. हिच्यांत डोमेनचा मालक अशी एक जाहीर यादी लावून ठेवतो, कीं आमच्या नांवानें पत्रें नेण्याचा अधिकार अमुक अमुक सर्व्हरांसच आहे. पत्र दारीं आलें, कीं पहारेकरी ती यादी उघडून पाहतो. दुसरी व्यवस्था ‘डीकेआयएम’; तिचे नियम २००७ सालीं निघाले. ही लाखेच्या मोहोरेसारखी आहे. पाठविणारा सर्व्हर आपल्या गुप्त किल्लीनें पत्रावर गणिती सही करतो व तिची जाहीर जोडकिल्ली डोमेनच्या नोंदींत ठेवतो. वाटेंत सही केलेल्या भागांतील एक अक्षर जरी बदललें, तरी सही जुळत नाहीं. तिसरी व्यवस्था ‘डीमार्क’. ती २०१२ सालीं पुढें आली. पाकिटावरील पत्ता एक व आंतील कागदावर छापलेलें नांव दुसरें, अशी लबाडी ई-मेलमध्येंहि करतां येते. वाचणारास जें नांव दिसतें, त्याच नांवाची यादी वा मोहोर जुळते कीं नाहीं, हें डीमार्कमुळें पाहिलें जातें. आणि न जुळल्यास पत्राचें काय करावें, हेंहि मालक आधींच सांगून ठेवतो.

या गोष्टी पूर्वीं ऐच्छिक समजल्या जात. आतां तसें राहिलें नाहीं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल व याहू या दोघांनींहि आपले नियम कडक केले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसास ५००० किंवा अधिक पत्रें धाडणारास या तिन्ही व्यवस्था आवश्यक झाल्या, आणि थोडीं पत्रें धाडणारासहि पहिल्या दोहोंपैकीं निदान एक तरी असलीच पाहिजे, असें ठरलें. म्हणून संकेतस्थळ करून देणाऱ्या गृहस्थास शाळेनें पहिला प्रश्न हाच विचारावा, कीं या तिन्ही नोंदी आपण केल्या आहेत काय? रंगीत चित्रांचा विचार मागाहून करावा.

पाठविणाराकडून घडणारा दुसरा दोष फार सामान्य आहे. नोंदणीचें पान बनवितांना पत्राच्या ‘पाठविणार’ या जागीं अर्जदाराचाच पत्ता घालतात, अथवा शाळेचा जीमेलवरील पत्ता घालून पत्र मात्र संकेतस्थळाच्या सर्व्हरवरून रवाना करतात. अशा वेळीं नांव जीमेलचें आणि नेणारा दुसराच, असें होऊन यादी जुळत नाहीं व मोहोरहि जुळत नाहीं. पहारेकऱ्याचा संशय मग रास्तच ठरतो. तेव्हां पत्र स्वतःच्या डोमेनच्या पत्त्यावरूनच निघावें. शिवाय स्वस्त सर्व्हरावर शेंकडों अनोळखी संकेतस्थळें एकत्र बिऱ्हाड करून राहतात. त्यांतील एकानें घाण केली, कीं सर्व चाळीचें नांव खराब होतें. म्हणून पत्रें धाडण्याचें काम, तेवढ्यासाठींच असलेल्या चांगल्या टपालसेवेकडे सोंपविणें हिताचें होय.

तिसरी गोष्ट वर्तनाची. एखादें पत्र लोकांनीं ‘स्पॅम’ म्हणून कळविलें, कीं त्याची नोंद पाठविणाराच्या नांवावर होते. मोठ्या पाठविणारांसाठीं जीमेलचें सांगणें असें आहे, कीं अशा तक्रारींचें प्रमाण शेंकडा ०.३ पर्यंत कधींहि पोहोंचूं देऊं नये, व शक्य तों ०.१ च्या खालीं ठेवावें. म्हणजे हजार पत्रांत तीन तक्रारी झाल्या तरी मर्यादा गांठली! म्हणून नोंदणीचें पत्र व जाहिरातीचें पत्र यांची मिसळ करूं नये. मेळाव्यासाठीं पत्ता देणाऱ्या गृहस्थास त्याच पत्त्यावर प्रतिसप्ताहीं वर्गणीची विनंति धाडली, तर तो कंटाळून तक्रार करणार, आणि त्याची झळ पुढील वर्षीं नोंदणी करणाऱ्या निरपराध मुलीस लागणार. नोंदणीच्या पानावर मनुष्य-परीक्षाहि असावी. ती नसल्यास यंत्रें त्या पानांत भलत्याच लोकांचे पत्ते भरतात. ज्यांनीं कांहींच मागितलें नाहीं त्यांस शाळेचीं पत्रें जातात, व तक्रारी वाढतात. नांवाच्या रकान्यांत लिंक लिहून ती शाळेच्या पत्रांतून परक्यांकडे पोहोंचविण्याची युक्तीहि भामटे करतात. सबब त्या रकान्यांत लिंक स्वीकारूंच नये.

पत्राचा मजकूर साधा व सत्य असावा. विषयाच्या ओळींत संस्थेचें नांव व काम स्पष्ट लिहावें. उद्गारचिन्हांची रांग लावूं नये. लिंक आपल्याच डोमेनची असावी, आंखूड करून लपविलेली नसावी. सबंध पत्र चित्ररूप करूं नये; जोडपत्र धाडूं नये. हें पत्र आपणांस कां आलें, व नोंदणी आपण केली नसेल तर काय करावें, हें दोन ओळींत सांगावें. आणि नोंदणीनंतर दिसणाऱ्या पडद्यावर ‘आमचें पत्र अमुक पत्त्यावरून येईल, १० मिनिटांत न आल्यास स्पॅम पेटी पाहावी, तेथेंहि नसल्यास पुन्हां मागवावें’ असें मराठींत ठळक छापावें. एवढ्या एका वाक्यानें पुष्कळांचा मनस्ताप वांचेल.

आतां घेणाराकडे, म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांकडे व त्यांच्या पालकांकडे वळूं. सर्वांत आधीं पत्ता आपला स्वतःचा असावा. पुष्कळ घरांतून असें घडतें, कीं अर्ज भरून देणाऱ्या दुकानांत जावें, तेथील मनुष्यानें आपलाच पत्ता घालावा किंवा नवा पत्ता काढून द्यावा, आणि त्याचा पासवर्ड मात्र घरच्यांपैकीं कोणासहि ठाऊक नसावा. मग प्रवेशपत्राची सूचना, चुकीच्या दुरुस्तीची मुदत, पैसे परत मिळण्याची खबर, सारें कांहीं परक्याच्या पेटींत जाऊन पडतें. हा दोष स्पॅमच्या पहारेकऱ्याचा नव्हे. घरांत मुलाच्या शिक्षणासाठीं एक पत्ता असावा; तो आणि त्याचा पासवर्ड आई-वडिलांपाशीं वहींत जपून लिहिलेला असावा. अर्जांत तो एकेक अक्षर पाहून भरावा. शेवटच्या ‘कॉम’ मधील एक अक्षर सुटलें, तर पत्र अस्तित्वांतच नसलेल्या, अथवा दुसऱ्याच कोणाच्या, दारीं जातें.

पत्र न आल्यास क्रमानें शोध करावा. प्रथम पांच-दहा मिनिटें थांबावें. कारण कांहीं सर्व्हर अनोळखी पाठविणारास ‘थोड्या वेळानें पुन्हां या’ असें सांगून त्याची परीक्षा पाहतात. नंतर जाहिरातींच्या कप्प्यांत पाहावें, व मग स्पॅम पेटी उघडावी. कांहीं ठिकाणीं तिला ‘जंक’ म्हणतात. जीमेलमध्यें नेहमींचा शोध घेतला असतां स्पॅम पेटींतील पत्रें त्यांत येत नाहींत. म्हणून शोधून सांपडलें नाहीं, एवढ्यावरून पत्र आलेंच नाहीं असा निष्कर्ष काढूं नये. ती पेटी स्वतः उघडून पाहावी. तेथील पत्रें ३० दिवसांनंतर आपोआप नाहींशीं होतात, हेंहि लक्षांत ठेवावें. पत्र सांपडल्यावर नुसतें वाचून सोडूं नये. ‘हें स्पॅम नव्हे’ असें सांगणारें बटण दाबावें व तो पत्ता आपल्या ओळखीच्या पत्त्यांत घालावा. पहारेकरी आपल्या सांगण्यावरून शिकतो, आणि त्या संस्थेचें पुढील पत्र सरळ येण्याचा संभव वाढतो. याच्या उलट, जें पत्र आपणच मागितलें होतें व आतां नकोसें झालें, त्यास स्पॅम म्हणणें अन्यायाचें होय. त्यांतील वर्गणी थांबविण्याची सोय वापरावी. अर्ज भरल्यापासून निकाल लागेपर्यंत आठवड्यांतून दोनदां तरी स्पॅम पेटी पाहण्याची संवय प्रत्येक विद्यार्थ्यानें लावून घ्यावी.

येथें एक इशारा दिल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. स्पॅम पेटींत जसे चुकून अडकलेले सज्जन असतात, तसे खरेखुरे चोरहि असतात. आपण जी नोंदणी आत्तांच केली, तिचेंच पत्र तेथून उचलावें. ‘आपणांस शिष्यवृत्ति मंजूर झाली, प्रक्रियेसाठीं ५०० रुपये भरा’ असें न मागितलेलें पत्र दिसलें, तर हात लावूं नये. पाठविणाराचें दिसणारें नांव नव्हे, तर ‘अ‍ॅट’च्या चिन्हापुढील डोमेन शेवटपर्यंत वाचावें. सरकारी संकेतस्थळांपैकीं पुष्कळांचा शेवट ‘जीओव्ही डॉट इन’ अथवा ‘एनआयसी डॉट इन’ असा असतो. परंतु तीं अक्षरें मध्येंच घालून पुढें भलतेंच कांहीं जोडलेलें असेल, तर तो फसवा पत्ता होय. शंका वाटल्यास पत्रांतील लिंक न दाबतां, संस्थेच्या माहितीपत्रकांत छापलेल्या संकेतस्थळावर स्वतः जावें. ओटीपी, पासवर्ड अथवा बँकेच्या कार्डावरील अंक कोणासहि कळवूं नयेत. पैसे गेलेच, तर लाजेनें गप्प न बसतां तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावें.

कोणी म्हणेल, पहारेकरी चुकतो तर तो काढूनच टाकावा. तसें केल्यास पेटी एका दिवसांत कचऱ्यानें भरेल, आणि कामाचें पत्र तेथेंहि सांपडणार नाहीं. पहारेकरी हवाच, पण ‘चोर सोडून संन्याशाला सुळी’ असा प्रकार त्याच्या हातून घडूं नये, यासाठीं दोन्ही बाजूंनीं त्यास साह्य केलें पाहिजे. पाठविणारानें आपल्या खऱ्या नांवानें, खऱ्या मोहोरेनें व मागितलें तेवढेंच धाडावें. घेणारानें आपला पत्ता नीट द्यावा व अडकलेल्या पत्राची सुटका करावी. गांवांत नव्या दुकानदारास उधारी एका दिवसांत मिळत नाहीं. महिनोन्महिने त्याचें माप सरळ उतरलें, म्हणजे मग लोक त्याच्या शब्दावर व्यवहार करतात. ई-मेलच्या जाळ्यांतहि पत याच रीतीनें जमते, व ती गमावण्यास हजारांतील तीन तक्रारी पुरतात.

येत्या महिन्यांत आमच्या वरच्या वर्गांतील पुष्कळ मुलें-मुली निरनिराळे अर्ज भरतील. त्यांच्या पालकांस आमची विनंति आहे, कीं अर्ज भरण्याच्या आदल्या दिवशीं मुलाला जवळ बसवून त्याचा पत्ता उघडावा, पासवर्ड चालतो कीं नाहीं तें पाहावें, आणि स्पॅम पेटी कोठें आहे ती दोघांनींहि एकदां डोळ्यांनीं पाहून ठेवावी. या कामास पाव तास पुरेल. ज्यांच्या घरीं तशी सोय नसेल, त्यांनीं शाळेच्या संगणकखोलींत यावें. आम्ही शिक्षक तेथें त्यांच्याबरोबर बसूं.